औषधाची खिडकी: थेट वाढवायची की आधी संगणकावर तपासायची?

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात गडहिंग्लज, राधानगरीहून आलेल्या माणसाला औषधं घेऊन परतीची एसटी गाठायची असते. रांग वाढली की आणखी एक खिडकी उघडा, हा उपाय चटकन सुचतो. होतोही लगेच. पण अडथळा चिठ्ठी तपासण्यात असेल, तर रांग नुसती आत सरकते.

सिम्युलेशनमध्ये चिठ्ठी घेणं, तपासणं, औषध काढणं, समजावून देणं या प्रत्येकाची वेळ नोंदवून ओपीडीचा अख्खा दिवस संगणकावर चालवतात. रांगेचा एक साधा हिशेबही आहे: तासाला ६० माणसं आली आणि प्रत्येकाला सरासरी अर्धा तास लागला, म्हणजे सरासरी ३० जण ताटकळणार. हा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम. त्यात ऐन गर्दीचा तास मात्र दिसत नाही, सिम्युलेशनमध्ये दिसतो. त्यासाठी नोंदी चोख हव्यात. मी आधी सिम्युलेशनच करीन. खिडकी नंतरही उघडता येते.