हॉट एअर रिवर्क स्टेशन: पावसाळ्यापासून रोज वापरतोय, सविस्तर अनुभव

नाशिकच्या सिडकोत माझं रिपेरिंगचं दुकान आहे, लॅपटॉप-डेस्कटॉप येतातच पण लासलगाव-पिंपळगाव साइडचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे पण भरपूर येतात, आणि आजकाल यातलं निम्मं काम नुसत्या सोल्डरिंग आयर्नवर होतच नाही, म्हणून पावसाळ्यात हे ८५८ टाइपचं हॉट एअर स्टेशन, म्हणजे गरम हवा फुंकून सगळ्या पायांचं सोल्डर एकदम वितळवणारं मशीन, घेतलं. पैसे वसूल आहे हे आधीच सांगतो, पण कोणत्या कामाला घ्यायचं आणि कोणत्या नाही हे नीट बघा.

हे लागतंच का, हे समजायचं असेल तर एक जुना बोर्ड आणि एक नवा बोर्ड शेजारी ठेवा. जुन्यावर ४० पायांची डीआयपी आयसी (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेली चिप) असते, ८०८५ प्रोसेसर तसाच यायचा, लांबी पाच सेंटीमीटरच्या वर, कारण दोन पायांमध्ये २.५४ मिमी अंतर ठेवावंच लागायचं. आतला सिलिकॉनचा तुकडा तेव्हाही नखापेक्षा लहानच होता, बाकी सगळी जागा खाल्ली ती पायांनी! आता नव्या बोर्डवरची १०० पायांची टीक्यूएफपी (चारही बाजूंना बारीक पाय असलेली चपटी चिप) बघा, अंतर ०.५ मिमी, आणि बॉडी १४ बाय १४ मिमीत संपली. लोक म्हणतात चिप लहान झाली म्हणून कॉम्प्युटर लहान झाला, ते बरोबर आहे पण माझ्या मते अर्धंच, उरलेलं अर्धं श्रेय पार्ट बोर्डवर बसवायच्या पद्धतीचं आहे आणि ते कोणी देत नाही.

कारण थ्रू-होल या जुन्या पद्धतीत पाय बोर्डाच्या आरपार जातो, म्हणजे मागची जागा पण गेली, आणि मल्टिलेअर बोर्ड असेल तर मधल्या प्रत्येक लेअरला ते भोक ट्रॅकच्या वाटेत येतं. एसएमडी म्हणजे सरफेस माउंट पार्ट बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडवर वरच्या वर बसतो, त्यामुळे त्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या बाजूला, अजून एक पार्ट लावता येतो आणि आतून ट्रॅक मोकळे फिरतात. लॅपटॉपचा बोर्ड उलटा करून बघा, प्रोसेसरच्या मागे बारीक कपॅसिटरची अख्खी वसाहत दिसेल. ते तिथेच का, तर लांब पायाला इंडक्टन्स (करंट एकदम बदलायला होणारा विरोध) असतो आणि प्रोसेसर एकदम करंट ओढतो तेव्हा तो आडवा येतो, म्हणून कपॅसिटर जितका जवळ तितकं बरं. म्हणजे पाय गेले तेव्हा जागा वाचली आणि स्पीड वाढवायचा रस्ताही मोकळा झाला.

हे तंत्र नवीन अजिबात नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच प्लेनर माउंटिंग या नावाने सुरू केलं आणि सॅटर्न रॉकेटच्या गायडन्स कॉम्प्युटरमध्ये वापरलं. पण १९८६ पर्यंत बाजारात एसएमडीचा वाटा फार तर १० टक्के होता, १९९० चं दशक संपता संपता मात्र बहुतेक सगळे हाय-टेक बोर्ड एसएमडी झाले. स्टेन्सिलने सोल्डर पेस्ट लावायची, पिक अँड प्लेस मशीनने पार्ट ठेवायचे, बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून काढायचा, तिथे पेस्ट वितळून पार्ट चिकटतात. ०४०२ साइजचा रेझिस्टर १ बाय ०.५ मिमी असतो, हजारो बोर्डांवर तो हाताने कोण लावणार?

आता मशीनबद्दल. हँडलमध्येच हीटर आणि फॅन, स्टँडवर ठेवलं की आपोआप थंड होऊन बंद होतं, हे फार आवडलं. जुनं लेडवालं ६३/३७ सोल्डर १८३ डिग्रीला वितळतं, लेड-फ्री साधारण २१७-२२० ला, आणि लेडवर बंधन घालणारा युरोपचा रोह्स नियम २००६ ला लागू झाल्यापासूनचे बहुतेक कॉम्प्युटर बोर्ड लेड-फ्रीच मिळतात. तरी मी ३५० च्या आसपास ठेवतो, कारण हवा पोचेपर्यंत थंड होते आणि बोर्डातला ग्राउंड प्लेन, म्हणजे तांब्याचा मोठा थर, उष्णता ओढून घेतो. हवा मात्र कमी ठेवा, नाहीतर शेजारचे ०४०२ उडून जातात आणि मग शोधत बसा. फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) भरपूर लावा आणि प्लास्टिक कनेक्टरवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावल्याशिवाय सुरूच करू नका.

सगळ्यात जास्त उपयोग डेड लॅपटॉपला होतो. १९ व्होल्टच्या लाइनवर एखादा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट असतो, बेंच सप्लायने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय) कमी व्होल्टेज सोडायचं, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकायचं, शॉर्ट पार्ट गरम होतो म्हणून जिथून आधी सुकतं तो पार्ट काढायचा, पाच मिनिटांत बोर्ड चालू. पिंपळगावचे एक आडतदार काटा घेऊन आले होते, तोच फॉल्ट, म्हणाले, "दादा, एवढ्याशा ठिपक्याचे एवढे पैसे?" मी त्यांना मॅग्निफायरखाली बोर्ड दाखवला, बराच वेळ बघत बसले आणि मग निमूट पैसे दिले.

बीजीए प्रकारच्या चिपसाठी मात्र हे घेऊ नका. तिथे सोल्डरचे गोळे चिपच्या पोटाखाली असतात, खालून प्रीहीटर पाहिजे, वरून सगळीकडे सारखी उष्णता पाहिजे, आणि जोड नीट बसला का ते एक्स-रेशिवाय दिसत पण नाही. पाचव्या जनरेशनपासून इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर बीजीएच येतात, बऱ्याच पातळ लॅपटॉपला रॅम पण सोल्डर केलेली असते, त्यामुळे प्रोसेसर बदलायचं काम आता गल्लीतल्या दुकानात जवळपास संपलंय, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. बारीकपणाची ही किंमत गिऱ्हाइकाला कोणी विकताना सांगत नाही.

आयर्न फेकून पण देऊ नका. काट्याच्या पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, डीसी जॅक हे अजून भोकातच बसतात, कारण ज्याला वजन आहे किंवा रोज ओढाताण आहे त्याला नुसत्या पॅडवरचा जोड पुरत नाही.

तक्रारी दोन. नोझल गरम झाल्यावर ढिलं पडतं, आणि स्क्रीनवरचं तापमान खऱ्याशी जुळत नाही, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून एकदा तपासा. एमजी रोडला घेणार असाल तर बॉडी आणि मेन पिनचं अर्थिंग मल्टिमीटरने दुकानातच चेक करा, स्वस्त पीसमध्ये तिथेच घोळ असतो.