शिकाऊ डॉक्टरांच्या हातातले मूत्रपिंड-जोखमीचे गणक

जुनाट मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाकडे, केव्हा पाठवायचे, असे विचारल्यावर फॅमिली मेडिसिनचे शिकाऊ डॉक्टर बहुधा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात त्या टाकाऊ द्रव्याचा) एखादा आकडा सांगतात. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तोच का, हे क्वचितच कुणाला सांगता येते. त्यांना शिकवताना मी ‘किडनी फेल्युअर रिस्क इक्वेशन’, म्हणजेच केएफआरई, हे विनामूल्य ऑनलाइन गणक नेमाने वापरतो. त्याविषयीचे माझे मत येथे नोंदवत आहे.

हे समीकरण २०११ मध्ये कॅनडातील रुग्णांच्या माहितीवरून तयार झाले आणि २०१६ मध्ये तीसहून अधिक देशांतील सात लाखांवर लोकांच्या नोंदींवर तपासले गेले. वय, लिंग, ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज) आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर (लघवीतून किती प्रथिन गळते याचे माप), या चार गोष्टी भरल्या की येत्या दोन आणि पाच वर्षांत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. आठ घटकांची आवृत्तीही आहे, पण बाह्यरुग्ण विभागात चार पुरतात.

त्याचा खरा उपयोग कळतो तो दोन रुग्ण शेजारी ठेवल्यावर. मी वर्गात नेहमी हेच उदाहरण देतो : ७८ वर्षांची स्त्री, ईजीएफआर ३८, एसीआर प्रतिग्रॅम १५ मिलिग्रॅम, आणि ४८ वर्षांचा पुरुष, ईजीएफआर तोच ३८, पण एसीआर ९००. ईजीएफआरवरून दोघेही विकाराच्या ‘३ ब’ या मधल्या टप्प्यातच मोडतात, आणि बहुतेक शिकाऊ डॉक्टर वयाकडे पाहून आधी त्या आजींना पाठवू म्हणतात. गणक मात्र आजींची पाच वर्षांची जोखीम दोन टक्क्यांहून कमी आणि त्या पुरुषाची सुमारे वीस टक्के दाखवते. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही पाच वर्षांची जोखीम ३ ते ५ टक्क्यांपर्यंत पोहोचली की तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार करावा, आणि दोन वर्षांची जोखीम ४० टक्क्यांवर गेली की डायलिसिस व प्रत्यारोपणाच्या तयारीला लागावे. त्या आजींचा रक्तदाब, औषधे आणि ठरावीक काळाने होणाऱ्या तपासण्या फॅमिली डॉक्टरच उत्तम सांभाळू शकतो, हे त्या वेळी मुलांना मनापासून पटते.

मला या गणकाचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो हा की एसीआर भरल्याशिवाय ते उत्तरच देत नाही. रक्ताची तपासणी सगळे लिहितात, लघवीची राहून जाते. येथे ती रिकामी चौकट समोर दिसते आणि तपासणी मागवावीच लागते.

उणिवा मात्र गंभीर आहेत. विकार जुनाट ठरण्यासाठी बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा लागतो, पण गणक ते विचारत नाही. जुलाब-उलट्यांनी किंवा वेदनाशामकांनी तात्पुरता घसरलेला ईजीएफआर भरला तरी ते निमूटपणे टक्केवारी देते. समीकरण ईजीएफआर ६० पेक्षा कमी असलेल्या प्रौढांसाठीच आहे. डायलिसिसची वेळ येण्याआधीच अन्य कारणाने मृत्यू येण्याची शक्यता ते हिशेबात घेत नसल्याने अतिवृद्धांची जोखीम फुगलेली दिसू शकते. एककाची निवड हीदेखील धोक्याची जागा आहे : मिलिग्रॅम प्रतिग्रॅममधला एसीआर मिलिग्रॅम प्रतिमिलिमोल म्हणून भरला, तर कमी जोखमीच्या रुग्णाची जोखीम अडीचपटीहून अधिक वाढते, आणि ही चूक मी अनेकदा दुरुस्त केली आहे.

शिवाय तज्ज्ञाकडे पाठवण्याची काही कारणे या समीकरणाच्या कक्षेतच येत नाहीत. लघवीत रक्तपेशींचे कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार झालेले नळीच्या आकाराचे सूक्ष्म साचे), ईजीएफआरची झपाट्याने घसरण, चार औषधांनीही न आटोपणारा रक्तदाब, सतत बिघडणारे पोटॅशियम, आनुवंशिक मूत्रपिंडविकार, यांपैकी काहीही असेल तर टक्केवारी कितीही कमी असली तरी चिठ्ठी लिहायलाच हवी. शिकाऊ डॉक्टरांना ही यादी आधी शिकवावी आणि गणक नंतर द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण क्रम उलटला की कमी टक्केवारीच्या दिलाशात लघवीतले रक्त दुर्लक्षित राहते.

गणकाच्या पहिल्या पानावर ‘तीन महिन्यांपूर्वीचा ईजीएफआर किती होता?’ ही एकच जास्तीची चौकट हवी. ती येईपर्यंत मी शिकाऊ डॉक्टरांना संदर्भचिठ्ठीत टक्केवारीशेजारी दोन्ही ईजीएफआर तारखांसह लिहायला लावतो.