एक पावसाळा काढलेली गिटार

नवी गिटार हातात आल्यावर पहिला आठवडाभर जो तो कौतुकच करतो. मी मुद्दाम दहा महिने थांबलो. गोव्यात लाकडाच्या वस्तूबद्दल मत द्यायचं तर मध्ये एक पावसाळा जायला हवा.

मी फोंड्याचा. दिवसा नोकरी, आणि मोसमात जत्रेतली नाटकं, लग्नाच्या ऑर्केस्ट्रा, जिथे बोलावतील तिथे साथ. ही इलेक्ट्रिक गिटार बार्देशातल्या एका कारागिराने घडवलेली आहे. कारखाना म्हणजे घरामागची पडवी, एक बँडसॉ आणि भिंतीभर टांगलेले साचे. माझ्यासाठी तो मेस्तच, म्हणजे मिस्त्री. किंमत ८८ हजार, निम्मे आगाऊ. चार महिन्यांचा वायदा होता, लागले सात, आणि त्यातले दोन महिने तो फोनच उचलत नव्हता. हा राग अजून गेलेला नाही.

पहिल्या भेटीत रंग-आकार राहिला बाजूला, त्याने मला अर्धा तास वाजवायला लावलं आणि नुसता माझा डावा हात बघत बसला. मी नाट्यगीतं वाजवतो, म्हणजे मींड आली, तार सतत ओढणं आलं. त्यावरून त्याने तारेची लांबी ठरवली: फेंडर कंपनीच्या गिटारच्या ६४८ मिलिमीटरऐवजी गिब्सन कंपनीच्या जवळपासची ६२८. सूर तोच राहतो, पण ताण कमी होतो आणि बोटाला तार ऐकते. फ्रेट (तारेखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) स्टेनलेस स्टीलचे, जाडे. ते कापताना हत्यारांची धार जाते म्हणून साडेचार हजार जास्त घेतले. तेव्हा कुरकुर केली होती, आज करणार नाही. दहा महिने रोज तार घासूनही फ्रेटवर खाच नाही, आणि खाऱ्या हवेत ते काळेही पडले नाहीत.

बॉडी फणसाची. मोडलेल्या जुन्या घराची तुळई होती ती. वीणा-मृदंगासाठी चालणारं लाकूड, त्यामुळे बघणारा प्रत्येक जण ‘आवाजात फणस जाणवतो हां’ म्हणतो. मला नाही जाणवत. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुख्यतः पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबक आणि त्याभोवतीचं वेटोळं), तारा आणि अँप्लिफायर ठरवतात. जुन्या तुळईचा खरा फायदा हा की ती आधीच वाळून, वळायची तेवढी वळून झालेली असते. रंग मात्र देखणा. फेब्रुवारीत हळदीसारखा पिवळा होता, आता मधाकडे झुकलाय.

पैसे खरे गेलेत ते नेकमध्ये, म्हणजे गिटारच्या लांब दांडीत. सागवानाच्या तीन पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, वर शिसमाचा फ्रेटबोर्ड, आणि सगळं बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेलं. मला चिकटवलेला नेक हवा होता, दिसायला उंची वाटतो म्हणून. मेस्त म्हणाला, बिघडला तर काय करणार? ही स्क्रूची युक्ती १९५० च्या सुमारास लिओ फेंडरने बाजारात रुजवली. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नसे. वस्तू उघडता आली पाहिजे, हा दुरुस्तीवाल्याचा विचार.

तो जुलैत कळला. पावसाने जोर धरल्यावर दोन आठवड्यांत पहिल्या चार फ्रेटवर तारा भणभणू लागल्या. नेकच्या पाठीला पॉलिश असतं, पण शिसम उघडं. ते दमट हवा पिऊन फुगतं आणि नेक उलटी, मागच्या बाजूला वाकते. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबली, तर सातव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटर फट दिसायला हवी. माझ्याकडे कागदसुद्धा सरकत नव्हता. घाबरून फोन केला, तर पलीकडून थंडपणे: ‘पावस सोंपसर फ्रेटांक हात लावचो ना.’ (पाऊस संपेपर्यंत फ्रेटना हात लावायचा नाही.) मग ट्रसरॉड (नेकच्या आतली, तिचा वाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा सैल करायला सांगितलं. एका रात्रीत भणभण गेली. ऑक्टोबरात तोच पाव फेरा परत आवळला. एवढंच. माझ्या आधीच्या कारखानी गिटारचा नेक याच दिवसांत पिळवटून कायमचा वाकडा झाला होता, म्हणून हे ‘एवढंच’ मला फार मोठं वाटतं.

पिकअप तो स्वतःच गुंडाळतो. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे, मग मेणात बुडवणं, म्हणजे मोठ्या आवाजात शिट्टी येत नाही. ब्रिजकडचा, म्हणजे खाली तारा टेकतात तिथला हंबकर (गुणगुण मारणारा दुहेरी पिकअप) चोख. नेककडचा सिंगल कॉइल (एकेरी पिकअप) गोड आहे पण गुणगुणतो, विजेचे ५० हर्ट्झ तो उचलणारच. जनरेटरवरच्या जत्रेत तर विचारू नका. मात्र माझी गुणगुण त्याहून जास्त होती आणि तारांना हात लावला तरी कमी होईना. तिथे शंका आली. उघडून बघितलं तर ब्रिजखाली जाणारी अर्थिंगची वायर सुटलेली, सोल्डरिंगचा डाग नीट बसलाच नव्हता. ८८ हजारांच्या वाद्यात ही चूक बसत नाही. मेस्ताने दहा मिनिटांत डाग दिला, आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी लावली, पैसे घेतले नाहीत. पण फोंड्याहून बार्देश गाठायचं म्हणजे पर्वरीच्या ट्रॅफिकसकट माझा अख्खा रविवार गेला, त्याचं काय?

बाकी किरकोळ. वजन ३.९ किलो, तीन अंकी नाटकाला खांदा बोलतो. व्हॉल्यूमची खुंटी करंगळीच्या फार जवळ. सोबत दिलेली बॅग टाकाऊ, पहिल्याच पावसात चेनला गंज.

विकायची वेळ आली तर निम्मी किंमतही यायची नाही, कारण डोक्यावर ओळखीचं नाव नाही. पहिलीच गिटार घेणाऱ्याने म्हणूनच इकडे वळू नये. ज्याचा हात बसलाय आणि ज्याला कार्यक्रमाची तारीख गाठायची नाही, त्याने जावं. फक्त सुपूर्दगी पावसाआधी मागावी आणि ट्रसरॉडची चावी फिरवायला तिथेच, मेस्तासमोर शिकून घ्यावी. माझी चावी आता तारांच्या पाकिटासोबत खिशातच असते.