हात दाखवा, गाडी थांबवा: वेल्समधल्या विनंती थांब्यांचा वापरानंतरचा अनुभव

आधी गुण देऊन टाकते. उतरण्यासाठी पाचपैकी पाच. चढण्यासाठी साडेतीन, तेही उजेडात. नोव्हेंबरातल्या पावसाळी संध्याकाळी अडीच.

लिहितेय ते वेल्समधल्या 'हार्ट ऑफ वेल्स' या रेल्वेमार्गावरच्या विनंती थांब्यांबद्दल, म्हणजे कुणी मागितलं तरच गाडी थांबते अशा स्टेशनांबद्दल. दक्षिणेला स्वॉन्झी, उत्तरेला इंग्लंडातलं श्रूसबरी, मध्ये सुमारे १२१ मैल आणि चार तास. बहुतेक मार्ग एकेरी, गाडी एक-दोन डब्यांची डिझेल, दिवसाला चार-पाच फेऱ्या आणि रविवारी त्याहून कमी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो आणि डोलाय नावाच्या वस्तीत घर मिळालं. माझं काम लॅन्ड्रिन्डॉड वेल्स या गावात. इथल्या अरुंद, दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या रस्त्यांवर गाडी चालवायची मला हौस नाही, म्हणून गेले कित्येक महिने रेल्वेच.

डोलायला गाडी आपणहून थांबत नाही. या मार्गावरच्या बऱ्याच लहान स्टेशनांचं तसंच आहे. वेळापत्रकात अशा नावांपुढे 'एक्स' ही खूण असते. प्लॅटफॉर्मवर उभं राहून हात दाखवायचा. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवायचं. आपल्या एसटीची 'हात दाखवा, एसटी थांबवा' योजना ज्यांनी वापरली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की एसटीचा ड्रायव्हर मनात आणलं तर फाट्याच्या थोडं पुढेही गाडी उभी करतो आणि आपण पिशव्या सावरत पळतो. रेल्वेला ती सोय नाही. ब्रेक खूप आधी लावावा लागतो, आणि एकदा का प्लॅटफॉर्म मागे गेला की गेला.

उतरणं इतकं सोपं आहे की त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. इथल्या बहुतेक लहान स्टेशनांवर तिकीटखिडकी नसते, तिकीट गाडीतच गार्डकडून घ्यायचं. त्यामुळे तो तुमच्यापर्यंत येतोच आणि कुठे उतरणार ते त्याला कळतंच. पुढे ड्रायव्हरला कळवणं त्याचं काम. वेल्श नावाचा उच्चार जमला नाही तरी बिघडत नाही, फोनवर दाखवा. एकच काळजी घ्या: पुढचाच थांबा हवा असेल तर गार्ड येईल म्हणून बसून राहू नका, चढता चढताच सांगा. दोन थांब्यांमध्ये कधी कधी जेमतेम पाच मिनिटं असतात. आणि कोणत्या दारातून उतरायचं तेही विचारून घ्या. लहान प्लॅटफॉर्मवर सगळीच दारं उघडतील असं नाही.

खरी परीक्षा चढताना. लोकांना वाटतं हात दाखवणं महत्त्वाचं. माझ्या मते महत्त्वाचं आहे दिसणं, आणि ते वेळेत दिसणं. थांबायचं की पुढे जायचं याचा निर्णय ड्रायव्हरला तुमच्यापासून बराच लांब असतानाच घ्यावा लागतो. त्या वेळी तुम्ही पावसामुळे शेडमध्ये मागे सरकून बसला असाल तर त्याच्या लेखी प्लॅटफॉर्म रिकामा. म्हणून गाडीची वेळ झाली की पाऊस असो वा वारा, शेडच्या बाहेर यायचं, पिवळ्या रेषेच्या आत पण नीट दिसेल असं उभं राहायचं, आणि गाडी नजरेत येताच हात खांद्याच्या वर न्यायचा. तो गाडीचा वेग कमी होईपर्यंत खाली आणायचा नाही. कधी छोटासा हॉर्न वाजतो, कधी काहीच वाजत नाही. काळा कोट, काळी छत्री आणि अंधार हे त्रिकूट टाळा. मी सरळ फिकट पिवळं जाकीट घेतलं. ऑफिसात हसतात, हसू देत. मोबाइलचा टॉर्च ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मात्र मारू नका.

थांबे असे ऐच्छिक ठेवले म्हणजे गाडी लवकर पोचत असेल असं मला आधी वाटायचं. तसं फारसं होत नाही. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी ठरावीक स्टेशनांवरच ओलांडता येते. मधले दोन-तीन थांबे कुणी मागितले नाहीत तर गाडी लॅन्ड्रिन्डॉडला आधी येऊन नुसती उभी राहते. शिवाय कुणी असेल-नसेल, थांब्याजवळ येताना थांबता येईल इतका वेग उतरवावाच लागतो. डिझेल आणि ब्रेक थोडे वाचत असतील. प्रवाशाचा वेळ वाचतो असं मी म्हणणार नाही. पण दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. दिवसाला चार-दोन माणसं वापरतात अशा स्टेशनाला कायमचा थांबा द्या म्हटलं तर उत्तर सहसा 'बंद करा' असं येतं. मागितल्यावर थांबायचं या अटीवर ते वेळापत्रकात टिकून राहतं.

शुगर लोफ हे त्याचं टोकाचं उदाहरण. बोगद्याजवळच्या रेल्वे कामगारांच्या कुटुंबांसाठी केलेला हा थांबा. आता ती वस्ती उरली नाही, गाव तर नव्हतंच. डोंगरात चालायला जाणारे उतरतात तेवढेच. तिथे उतरायचं म्हटलं की गार्ड परतीची गाडी माहीत आहे ना, असं विचारतो, आणि विचारतो ते बरंच करतो. ती चुकली तर पुढची काही तासांनी. किलमेरी त्या मानाने सोयीचं. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लिवेलिन १२८२ साली जिथे मारला गेला तिथलं स्मारक स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आमच्या डोलायची शान म्हणजे फुलं. गावातले स्वयंसेवक प्लॅटफॉर्मवरची बाग राखतात. २००२ साली एलिझाबेथ राणी इथे येऊन गेली. तिला हात दाखवावा लागला नसणार.

आता तक्रार, आणि ती कुठल्या कंपनीबद्दल नसून पद्धतीबद्दलच आहे. हात दाखवायचा तर गाडी येताना दिसायला हवी. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, ज्यांचा हात वर जात नाही, त्यांनी काय करायचं? आधी फोन करून मदत सांगून ठेवता येते, पण मग मनात आलं आणि निघालो हे स्वातंत्र्य गेलंच. स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेकडच्या मार्गावर २०२२ पासून प्लॅटफॉर्मवर बटणाचे खांब बसवायला सुरुवात झाली. बटण दाबलं की रेडिओवरून ड्रायव्हरला निरोप जातो, आणि कुणी नसेल तर त्याला उगाच वेगही उतरवावा लागत नाही. हात दाखवण्यात गंमत आहे, मान्य. तरी असं बटण इथे आलं तर मी पेढे वाटेन.

दुसरी अडचण गाडी रद्द होते तेव्हाची. ज्या थांब्यावर ना कर्मचारी ना दुकान, तिथे फलकावर किंवा फोनवर बातमी कळेपर्यंत आपण गारठलेले असतो. बदली बस आली तरी ती नेमकी कुठे उभी राहणार हे आधी शोधून ठेवलेलं बरं.

उन्हाळ्यात साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तळहात खाली करून, कराड गाडी थांबवावी तसा हात हलवला. गाडी थांबली. त्यानंतर हात दाखवायचं काम त्यांनी मला करू दिलं नाही.

ज्यांच्या हाताशी वेळ आहे त्यांनी हे थांबे जरूर वापरावेत, शक्यतो मे ते सप्टेंबर, आणि परतीची गाडी आधी पाहूनच. पुढे दुसरी गाडी गाठायची असेल तर विचार करा. विमानाच्या दिवशी मी नवऱ्याला मोटार काढायला लावते आणि लॅन्ड्रिन्डॉडहून बसते. तिथे गाडी थांबतेच.