खाऱ्या वाऱ्यातला ट्रायपॉड: एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

बेळगावकरांना किनारा तसा जवळच. चोर्ला उतरलं की गोवा, आंबोली उतरलं की वेंगुर्ला, सुट्टी जोडून आली तर कारवार. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे आले की आमच्या फेऱ्या वाढतात. निकॉनची २००-५०० मिलिमीटरची झूम लेन्स कॉलरसकट (स्टँडवर बसवायची कडी) २.३ किलो, त्यात कॅमेऱ्याची बॉडी आणि गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवता येणारी बैठक); सगळं मिळून साडेचार किलोच्या आसपास जातं, आणि ते ट्रायपॉडने पेलायचं.

दुकानात ट्रायपॉड किती वजन पेलतो तो खोक्यावरचा आकडा आधी दाखवतात. 'पंचवीस किलो घेतंय की सर!' घेईल हो. पण त्यावरून स्टँड मोडणार नाही एवढंच कळतं. दुपारच्या वाऱ्यात ५०० मिलिमीटरला चित्र किती थरथरेल ते नाही. आणि समुद्राकाठी वापरायचा तर मी आता आधी एकच विचारतो: हा घरी पूर्ण खोलून धुता येतो का?

माझा कार्बन फायबरचा आहे. वरची नळी ३२ मिलिमीटर, पायाचे एकात एक सरकणारे तीन टप्पे, पिळून आवळायचे लॉक, मधला दांडा नाही. जिट्झो कंपनीच्या सिस्टिमॅटिक ट्रायपॉडच्या धर्तीची ही रचना आता बऱ्याच स्वस्त कंपन्या देतात, म्हणून नाव लिहीत नाही. मधला दांडा नसल्याने उंची थोडी कमी पडते, पण वाऱ्यात हलणारा एक भाग कायमचा गेला.

कार्बन गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण सांधे अल्युमिनियमचे असतात, आणि कार्बनमधून वीज वाहते. दोघांच्या मध्ये खारं पाणी राहिलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि खाल्लं जातं ते अल्युमिनियम. आट्यांत पांढरी भुकटी दिसली की ओळखायचं. मित्राच्या खटक्याच्या लॉकवाल्या स्टँडचं तेच झालं: रिव्हेटमागे मीठ बसलं, ते खोलता येईना, आता एक पाय अर्धाच निघतो.

पिळाचे लॉक खोलायला सोपे. घरी आल्यावर आधी बंद असतानाच गोड्या पाण्याने बाहेरून धुवायचा, नाहीतर वाळू आत जाते. मग टप्पे ओढून काढायचे, आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या जपून ठेवायच्या, सगळं सावलीत वाळवायचं आणि फक्त आट्यांना ग्रीस. नळीला लागलं तर लॉक घसरतो. परत आलो की दमलेलो असतो, कंटाळा येतो, पण मीठ हवेतली ओल ओढत राहतं; आमच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

वाळूत उभा करताना सगळ्यात खालचा टप्पा आधी पूर्ण बाहेर ओढावा, म्हणजे सांधा पाण्यावाळूच्या वर राहतो. खालच्या बारीक नळीमुळे थोडी ताकद जाते, पण मला हा सौदा परवडतो. माझ्या स्टँडच्या पायाचे रबर काढले की ३/८ इंची आटे मिळतात; त्यावर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या रुंद चकत्या करून घेतल्या. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या पाण्यात त्यावर लवकर डाग धरतात. ओल्या वाळूत पाय रुतणं जवळपास थांबलं. स्टँड स्थिर राहावा म्हणून त्याच्या हुकला बॅग अडकवायची तर जमिनीला टेकलेली असू द्या. लोंबकळती बॅग वाऱ्यात झुलते आणि उलट स्टँडलाच हलवते.

तक्रार म्हणाल तर पायावरचा फोम. भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. पुढच्या पावसाळ्याआधी तो कापून काढणार आहे.