बिडाचा खोलगट तवा आणि खापरोळ्या: आठ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीआधी सात इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खोलगट तवा ऑनलाइन मागवला, तो फक्त खापरोळ्यांसाठी. खापरोळी म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवून खायची जाड, जाळीदार आंबोळी. माझं माहेर मालवणचं. आजी मातीच्या खापरावर करायची. नावातच खापर आहे. पुण्यात मी वर्षानुवर्षं नॉनस्टिकवर केल्या आणि त्या आंबोळीसारख्या पसरट झाल्या. वरून जाळी दिसायची, पण आत रस शिरायचा नाही. खापरोळीचा जीव तर त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसातच.

खोक्यावर ‘वापरायला तयार’ असं छापलेलं होतं. पहिली खापरोळी तुकड्यातुकड्यांनी निघाली, बुडाला काळी पूड लागलेली. विक्रेत्याला कळवलं, तर ‘घासून घ्या’ एवढंच उत्तर आलं. याचा मला खरंच राग आला. मग आईने सांगितलं तसं केलं: तीन रात्री भाताची पेज भरून ठेवला, रोज सकाळी घासला, वाळवून तेल चोळलं आणि पुढे पंधरा दिवस भाजीचा कांदा त्यातच परतला. महिन्याभराने तव्याला काळी, गुळगुळीत चमक आली. तेव्हापासून एकही खापरोळी चिकटलेली नाही.

माझं प्रमाण: तीन वाट्या जाडे तांदूळ, पाऊण वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी पोहे, चमचाभर मेथी. वाटून रात्रभर आंबवायचं, सकाळी मीठ आणि चिमूटभर हळद. जानेवारीत पुण्याच्या थंडीत रात्र पुरत नाही, दुपार उजाडते.

तवा तापला की नाही हे आई फोनवरून सांगते, “पाणी शिपडून बघ, थेंब नाचूक व्हयो.” थेंब नाचला की मी गॅस अगदी बारीक करते, अर्ध्या कांद्याने तेल फिरवते आणि मिनिटभर थांबते. हे थांबणं चुकलं तर बूड करपतं आणि पोट कच्चं राहतं. मग डावभर पीठ मधोमध ओतायचं, पसरायचं नाही. खोलगटपणामुळे ते आपोआप गोल, जाड राहतं. आधी कडेला बुडबुडे फुटतात, मग मध्यावर, आणि ओली चकाकी गेली की झाकण. उलटायची नाही. बीड उष्णता धरून ठेवतं, गार पीठ पडलं तरी तवा थंडावत नाही, म्हणून भोकं थेट बुडापर्यंत जातात. मोडून बघितली तर आत उभ्या नळ्या दिसतात. त्याच रस ओढून घेतात.

रसात गूळ मात्र गॅस बंद करूनच घाला. उकळत्या दुधात घातला तर नारळाचं दूध फुटतं, माझं दोनदा फुटलंय.

आता त्रास. तवा जड आहे, कान आखूड आहेत, फडक्याशिवाय हात लावता येत नाही. पाण्यात भिजत राहिला तर तासाभरात गंजाचे ठिपके येतात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. टोमॅटो, कोकम यात शिजवू नका, आंबट पदार्थाने तव्यावर बसलेला तेलाचा काळा थर निघतो.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. एकीला चार मिनिटं लागतात, म्हणजे सहा माणसांना दोन-दोन वाढायच्या तर पाऊण तास चुलीपाशी. म्हणून मे महिन्यात गावी गेले तेव्हा कणकवलीच्या बाजारातून दुसरा तवा आणला, तोही सात इंचीच. त्याची पेज आज रात्री सुरू.