जर्मनीला जाण्याआधीचं कौटुंबिक प्रशिक्षण : नऊ महिन्यांनंतर

पुण्याहून स्टुटगार्टला जाणाऱ्यांसाठी कंपनीने एका संस्थेकडून घेतलेलं हे प्रशिक्षण. दोन दिवसांची कार्यशाळा आणि जोडीदारासाठी ४० तास जर्मन.

पैसे वसूल होतात ते या ४० तासांतच. ब्लू कार्डवाल्यांच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही, म्हणून अनेकजण वर्ग टाळतात. तसं करू नका. ऑफिसात इंग्रजीवर भागतं. पण मुलांच्या डॉक्टरची वेळ फोनवर घेणं, शाळेतून आलेली चिठ्ठी वाचणं हे घरच्या माणसावरच येतं. शिक्षिकेने आकडे आणि नावाचं स्पेलिंग सांगणं घोटून घेतलं. जर्मनमध्येही २१ म्हणजे 'एक आणि वीस', त्यामुळे मराठीत पाढे म्हटलेल्यांना आकडे चटकन जमतात.

कागदपत्रांचा भाग मात्र कच्चा. 'अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून घ्या' एवढंच सांगितलं. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीची हरकत आहे, म्हणजे तिथे ते ग्राह्य धरत नाहीत. तिथल्या कार्यालयाला शंका आली तर कागदांची पडताळणी जर्मन वकिलातीमार्फत होते आणि त्यात महिने जातात. तिथे बाळ जन्मलं तर आई-वडील दोघांचेही जन्मदाखले मागतात. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन नाव आधीच चढवून घ्या. बायकोचं माहेरचं नाव दाखल्यावर आणि सासरचं पासपोर्टवर असेल, तर दोन्ही नावं असलेला विवाहाचा दाखला सोबत हवाच.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या फ्लॅटचा मालक ते देणार का, हे निघण्याआधी विचारा. नोंदणी अडली की कर क्रमांक अडतो, आणि पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत जास्त, कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण डिपॉझिट भरायची वेळही नेमकी तीच. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग वगैरे खर्च सोडून), आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं. कार्यशाळेत याचा उल्लेखही नव्हता. हस्तांदोलनावर मात्र अख्खी सकाळ गेली.

दोन वर्षांवरच्या मुलांना बालवाडी-शाळेसाठी गोवराच्या दोन डोसांचा पुरावा लागतो. कार्डावरचा शेरा मराठीत असेल तर डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारीख-शिक्क्यासह लिहून आणा.

आपलं ड्रायव्हिंग लायसन्स तिथे सहा महिनेच चालतं, कार्यशाळेत सांगितलं तसं वर्षभर नाही. त्यानंतर लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.